तेलात विझवलेले पाते मऊ राहते, वाकते किंवा तडकते: क्वेंचिंगच्या साधनांची क्रमवार तपासणी

सुरीचे पाते कडक करण्यासाठी ते लाल तापवून तेलात बुडवतात आणि झटकन थंड करतात; यालाच विझवणे किंवा क्वेंचिंग म्हणतात. घरच्या कार्यशाळेत पाती बनवणाऱ्यांना यात एक अडचण पुन्हा पुन्हा येते. एक पाते उत्तम कडक होते आणि त्याच पोलादाचे, त्याच भट्टीत तापवलेले दुसरे पाते मात्र अर्धवट मऊ राहते, एका बाजूला झुकते किंवा धारेजवळ चिरते. अशा वेळी बहुतेक जण सगळ्यात आधी तेलाला दोष देतात आणि महागडे तेल आणतात. हा दोष मी वारंवार दुरुस्त केला आहे, आणि त्यावरून माझे ठाम मत असे झाले आहे की तेल बदलणे हा तपासणीतला जवळजवळ शेवटचा टप्पा असायला हवा. त्याआधी तेलाचे तापमान, त्याचे प्रमाण, टाकीची जागा व आकार आणि भट्टीतली उष्णता यांची परीक्षा झाली पाहिजे, कारण यांपैकी काहीही बिघडलेले असेल तर नवे तेलसुद्धा तोच निकाल देते.

येथे लिहिलेले सर्व साध्या कार्बन पोलादांसाठी आणि अल्प मिश्रधातूंच्या पोलादांसाठी आहे: १०८४, १०९५, ५१६० (हे पोलादाच्या जातींचे क्रमांक आहेत) आणि त्यांच्या जवळची पोलादे, जी तेलात विझवून कडक करतात. स्टेनलेस आणि डी २ सारख्या पोलादांचा विचार वेगळा आहे आणि तो शेवटी येईल.

लक्षणे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दोष नेमका कसा दिसतो हे लिहून ठेवावे, कारण वेगवेगळ्या कारणांची लक्षणे एकमेकांसारखी वाटली तरी बारकाईने पाहिल्यास निराळी असतात.

कडकपणा पाहायला पात्यावर कानस चालवतात: कडक पोलादावरून ती घसरते, मऊ पोलादात चावते. संपूर्ण पात्यावर कानस सहज चावत असेल, तर पोलाद कडक होण्याजोगे नाही, ते पुरेसे तापले नाही किंवा फार हळू थंड झाले, यांपैकी एक कारण आहे. कानस काही ठिकाणी घसरते आणि काही ठिकाणी चावते, असे असेल तर संशय वाफेच्या थरावर, पृष्ठभागाला चिकटलेल्या पापुद्र्यावर किंवा असमान तापवण्यावर जातो. धार कडक आणि पाठ मऊ असेल, तर जाड भाग थंड व्हायला तेलाचा वेग कमी पडला. १०९५ मध्ये हे विशेष दिसते आणि पाते घासल्यावर पाठीजवळ ढगासारखी रेषा उमटते. टोक मऊ आणि बाकीचे पाते कडक असेल, तर टोक भट्टीतून तेलापर्यंतच्या वाटेवरच निवले, किंवा टाकीच्या तळातल्या गाळात रुतले.

वाकण्याचेही प्रकार आहेत. पूर्ण लांबीत एका बाजूला आलेला बाक, मुठीच्या बाजूने टोकाकडे चढलेला पीळ आणि फक्त धारेत उमटलेल्या लाटा, हे तीन वेगळे दोष आहेत. चिरा बहुधा धारेला काटकोनात, खाचेपाशी किंवा कानशीच्या खोल ओरखड्यापाशी सुरू होतात. कधी विझवतानाच टणकन आवाज येतो, तर कधी चीर दुसऱ्या दिवशी दिसते. याखेरीज तेल फसफसणे, उडणे किंवा दर वेळी मोठा भडका होणे ही लक्षणे पात्याची नसून टाकीची आहेत, आणि ती दिसली तर बाकी सर्व बाजूला ठेवून आधी त्यांचा बंदोबस्त करावा.

पहिली तपासणी: पाते खरोखर मऊ आहे का

हिला काहीच खर्च नाही आणि नेमकी हीच वगळली जाते. तापलेल्या पोलादाच्या पृष्ठभागातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनमुळे जळतो आणि वर एक पातळ, कार्बनहीन थर उरतो. हा थर कितीही चांगल्या तेलात विझवला तरी मऊच राहतो, म्हणून कानस त्यात चावते आणि पाते फसले असा समज होतो. एका जागी दगडावर किंवा पट्ट्यावर, पाते तापू न देता, ०.१ ते ०.२ मिलिमीटर थर घासून काढावा आणि नव्या, धारदार कानशीने पुन्हा पाहावे. आतून कानस घसरली तर क्वेंचिंग ठीक आहे. सुधारणा करायची ती भट्टीतल्या ज्योतीत. वायूच्या भट्टीत हवा थोडी कमी करून ज्योत किंचित इंधनाकडे झुकलेली ठेवली की हा थर कमी होतो, मात्र अशी ज्योत विषारी कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्यामुळे जागा मोकळ्या हवेची असलीच पाहिजे.

जुन्या, बोथट कानशीवर विसंबू नये. ती मऊ पोलादावरूनही घसरते आणि खोटा दिलासा देते.

दुसरी तपासणी: तेलाचे तापमान

थर्मामीटर हे या साधनांतले सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक उपयोगी उपकरण आहे, तरी अनेक टाक्यांजवळ ते नसते. थंड तेलात पाते लवकर थंड होईल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण प्रत्यक्षात उलटे घडते. थंड वनस्पती तेल घट्ट असते, ते पात्याभोवती सावकाश फिरते आणि गरम झालेले तेल बाजूला सारून नवे तेल पोहोचायला उशीर लागतो. तेच तेल ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत कोमट केले की पातळ होते आणि उष्णता वेगाने ओढते. कॅनोलासारख्या वनस्पती तेलासाठी हीच कक्षा धरावी. क्वेंचिंगसाठीच बनवलेली काही जलद तेले मात्र खोलीच्या तापमानावर वापरायची असतात, म्हणून विकत घेतलेल्या तेलाबाबत उत्पादकाच्या पत्रकातला आकडा प्रमाण मानावा.

तापमान मोजण्यापूर्वी तेल तळापासून ढवळावे. गरम तेल वर आणि थंड तेल खाली साचते, त्यामुळे वरवर बुडवलेला थर्मामीटर ५५ दाखवत असताना पात्याचे टोक तीस अंशांच्या घट्ट तेलात शिरत असते. ढवळण्यासाठी लांब दांड्याला भोके पाडलेली पोलादी चकती जोडली की काम भागते.

तेल गरम करण्यासाठी टाकीखाली ज्योत कधीही लावू नये. पोलादाचा जाड तुकडा मंद लाल होईपर्यंत तापवून तो झटकन पूर्ण बुडवावा आणि हलवत राहावे. दोन-तीन वेळा असे केले की घरगुती टाकी कोमट होते.

तिसरी तपासणी: तेलात पाणी किंवा गाळ

तेल उडत असेल, फसफसत असेल किंवा पात्यावर अनियमित मऊ ठिपके येत असतील, तर तळाशी पाणी असण्याची दाट शक्यता आहे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते आणि वरून दिसत नाही. लाल पाते त्याच्यापर्यंत पोहोचले की पाण्याची एकदम वाफ होते, तिचे आकारमान हजारपटीहून अधिक वाढते आणि पेटते तेल टाकीबाहेर फेकले जाते. म्हणून ही तपासणी पात्याच्या दर्जापेक्षा माणसाच्या सुरक्षिततेसाठी अधिक महत्त्वाची आहे.

तळातले थोडेसे तेल नळीने काढून त्याचे एक-दोन थेंब गरम धातूच्या पत्र्यावर, चेहऱ्यापासून दूर, टाकावेत. शुद्ध तेल शांतपणे पसरते, पाणी असलेले तेल तडतडते. तडतडले तर ते तेल टाकून द्यावे. पाणी उडवण्यासाठी संपूर्ण टाकी उकळण्याचा सल्ला काही जण देतात, पण घरगुती टाकीत मी तो सुरक्षित मानत नाही. टाकी रिकामी करून पुसून पूर्ण कोरडी करावी आणि नंतरच नवे तेल भरावे.

गाळाची गोष्ट सोपी आहे. पात्यावरून निघालेले पापुद्रे तळाशी साचतात. तेल थंड असताना जाड कापडातून गाळून घ्यावे. वनस्पती तेल जुने झाल्यावर हवेच्या संपर्काने चिकट आणि दाट होते, त्याला खवट वास येतो. असे तेल गाळून सुधारत नाही. वाहनाचे जळके तेल तर वापरूच नये, कारण त्यात धातूचे अंश आणि आरोग्याला घातक संयुगे असतात आणि त्याचा धूर फुप्फुसात जातो.

चौथी तपासणी: भट्टीपासून तेलापर्यंतची वाट

१०९५ सारख्या पोलादाला साधारण एका सेकंदाच्या आत ५४० अंशांच्या खाली यावे लागते, नाहीतर पर्लाइट नावाच्या मऊ अंतर्गत रचनेत त्याचे रूपांतर सुरू होते. १०८४ मध्ये मँगनीज अधिक असल्याने थोडी सवलत मिळते आणि ५१६० मध्ये क्रोमियममुळे आणखी. पातळ धार आणि टोक हवेत फार वेगाने निवतात, म्हणून टाकी चार पावलांवर असेल तर तेलाच्या वेगाची चर्चाच निरर्थक ठरते.

टाकी भट्टीच्या इतकी जवळ असावी की वळून एका हालचालीत पाते तेलात जाईल, पण भट्टीच्या तोंडातून निघणारी ज्योत तेलापर्यंत पोहोचता कामा नये. टाकी भट्टीच्या तोंडासमोर न ठेवता बाजूला ठेवली की दोन्ही गोष्टी साधतात. तापवण्यापूर्वी थंड पाते हातात घेऊन ही हालचाल रिकामी करून पाहावी: सांडशी कुठे धरायची, कोणत्या बाजूला वळायचे, पाते उभे कुठे होते. सांडशीचे जबडे पात्याच्या अंगावर कधीच नसावेत. ते फक्त मुठीत जाणाऱ्या शेपटावर असावेत, कारण जबडा जिथे टेकतो तिथली उष्णता तो आधीच खेचून घेतो आणि तेलालाही अडवतो.

पाचवी तपासणी: तेलातली हालचाल

तापलेले पाते तेलात शिरताच त्याच्याभोवती वाफेचा थर तयार होतो. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब लगेच न उकळता तरंगत राहतो, तसाच हा प्रकार आहे: वाफ मध्ये येते आणि उष्णता जायची थांबते. हा थर फुटल्यावर तेल पृष्ठभागाला भिडून जोरात उकळते, आणि सर्वाधिक उष्णता याच टप्प्यात जाते. त्यानंतर उकळणे थांबून तेलाच्या संथ प्रवाहाने उरलेली उष्णता निघते. मऊ ठिपक्यांचे मूळ पुष्कळदा पहिल्या टप्प्यात असते, कारण वाफेचा थर काही जागी लवकर आणि काही जागी उशिरा फुटतो.

म्हणून पाते तेलात स्थिर धरू नये. उभ्या टाकीत ते वरखाली, आणि जागा असेल तर धारेपासून पाठीच्या दिशेने, म्हणजे कापताना सुरी जशी सरकते तसे, हलवावे. पात्याच्या सपाट बाजूंच्या दिशेने ते कधीही हलवू नये. तसे केल्यास एका गालावर सतत नवे तेल आदळते, दुसरा गाल मागे राहतो आणि पाते झुकते. लांबीत आलेल्या बाकाची कित्येक प्रकरणे एवढ्या एका बदलाने मिटतात. वरखाली हलवताना लाल भाग तेलाच्या पृष्ठभागावर येऊ देऊ नये; भडके बहुतांशी तिथेच होतात.

सहावी तपासणी: एकाच पोलादाचे दोन तुकडे

इथपर्यंत दोष सापडला नाही तर भट्टी आणि टाकी यांतले दोषी कोण हे ठरवावे लागते, आणि त्यासाठी मला या चाचणीइतका भरवशाचा उपाय दुसरा ठाऊक नाही. ज्या पोलादाचे पाते आहे त्याच पट्टीचे, २ ते ३ मिलिमीटर जाडीचे आणि काही सेंटिमीटर लांबीचे दोन तुकडे घ्यावेत. दोन्ही नेहमीच्या पद्धतीने तापवावेत. एक नेहमीच्या तेलात आणि दुसरा वेगळ्या भांड्यातल्या साध्या पाण्यात विझवावा. पाण्याचे भांडे तेलाच्या टाकीपासून लांब ठेवावे. डोळ्यांवर आणि चेहऱ्यावर संरक्षण असावे, कारण पाण्यात विझवलेला तुकडा तडकून उडू शकतो. नंतर दोन्हींवर, वरचा थर घासून, कानस चालवावी आणि मग जाड कापडात गुंडाळून व्हाईसमध्ये धरून ते मोडावेत.

दोन्ही तुकडे मऊ राहिले तर तेल निर्दोष आहे. एकतर पोलादात पुरेसा कार्बन नाही, किंवा ते पुरेसे तापले नाही. बांधकामाची सळई आणि साधे पत्रे यांसारख्या कमी कार्बनच्या पोलादापासून कोणतेही तेल कडक पाते देऊ शकत नाही. पाण्यातला तुकडा कडक आणि तेलातला मऊ निघाला, तर तापवणे बरोबर आहे आणि दोष तेलाच्या वेगात आहे: तापमान, प्रमाण किंवा प्रकार. दोन्ही कडक निघाले आणि तरीही पाते मऊ राहते, तर तेल लहान तुकड्याला पुरते पण पात्याच्या वस्तुमानाला पुरत नाही, किंवा पाते टाकीपर्यंत नेण्यात आणि हलवण्यात चूक होते. हा शेवटचा निकाल सर्वांत जास्त वेळा हाती येतो. लहान तुकडा पात्यापेक्षा लवकर थंड होतो, त्यामुळे तो तेलात कडक झाला म्हणजे जाड पाठीचे पातेही होईलच, असा अर्थ काढू नये.

मोडलेला भाग भिंगाखाली पाहणे विसरू नये. तो बारीक, करडा आणि मखमली दिसला तर तापवणे योग्य आहे. साखरेच्या कणांसारखी चमकणारी भरड फोड दिसली तर पोलाद अति तापले आहे, त्यातले कण वाढले आहेत आणि ते ठिसूळ झाले आहे. तडकणाऱ्या पात्यांच्या बाबतीत क्वेंचिंगपेक्षा हेच कारण अधिक वेळा सापडते.

सातवी तपासणी: भट्टीचे तापमान

चुंबक हे पहिले साधन आहे, पण ते अर्धीच गोष्ट सांगते. लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंशांना जाते, तर १०८४ ला विझवण्यासाठी साधारण ८१५ ते ८३० अंश लागतात. चुंबक चिकटणे थांबले की लगेच विझवलेले पाते त्यामुळे पुष्कळदा अर्धे कडक राहते. चुंबकाने खालची मर्यादा समजते; तिथून थोडे पुढे जायचे असते, आणि किती पुढे हे ठरवायला साधे मीठ उपयोगी पडते. मीठ ८०१ अंशांना वितळते. शेपटाच्या बाजूला, धारेपासून दूर, मिठाचे काही कण टाकल्यावर ते पाण्यासारखे पसरले तर ती जागा ८०१ च्या वर आहे. मीठ गंज आणते, म्हणून नंतर ती जागा धुऊन कोरडी करून तेल लावावे.

रंगावर विसंबायचे असेल तर मंद प्रकाशात काम करावे, कारण तेच तापमान उन्हात फिके आणि अंधारात भडक दिसते. अंधाऱ्या जागेत आणखी एक उपयोगी खूण दिसते. पोलादाची अंतर्गत रचना बदलत असताना ते उष्णता शोषून घेते, आणि पात्यावरून गडद सावल्या सरकताना दिसतात. या सावल्या धारेपासून पाठीपर्यंत आणि टोकापासून शेपटापर्यंत पूर्ण नाहीशा झाल्या की रूपांतर सगळीकडे झाले आहे. एखाद्या जागी सावली रेंगाळत असेल तर मऊ ठिपका तिथेच येणार.

वायूची भट्टी ज्योतीजवळ पांढरी आणि कोपऱ्यात लाल असते. तिच्यात जाड पोलादी नळी ठेवून, तिचे मागचे तोंड बंद करून, पाते नळीच्या आत तापवले तर उष्णता बरीच समान होते. १०९५ आणि ५१६० ला योग्य तापमानावर काही मिनिटे थांबावे लागते, आणि नळीशिवाय ते जमत नाही. के प्रकारचा थर्मोकपल (भट्टीचे तापमान मोजणारे साधन) नळीत घातला की अंदाजाची गरजच राहत नाही. क्वेंचिंगच्या साधनांसाठी ठेवलेल्या पैशांतला पहिला मोठा वाटा मी नव्या तेलावर न घालता यावर घालीन.

आठवी तपासणी: तेलाचे प्रमाण आणि टाकीचा आकार

इथून पुढे खर्च आणि मेहनत वाढते. प्रमाणाचा हिशेब साधा आहे. २०० ग्रॅमचे पाते ८१५ अंशांपासून तेलाच्या तापमानापर्यंत येताना सुमारे १०० किलोज्यूल उष्णता सोडते. एक लिटर वनस्पती तेल तेवढ्याने पन्नासहून अधिक अंश तापते, तर चार लिटर तेल तेरा-चौदा अंशच. म्हणजे लहान डब्यात पहिले पाते ५५ अंशांच्या तेलात विझले तरी दुसरे शंभराच्या पुढच्या तेलात जाते, आणि एकाच दिवसात केलेल्या दोन पात्यांत फरक का पडतो याचे उत्तर इथे मिळते. एक किलो पोलादाला आठ लिटर तेल हे प्रमाण किमान समजावे, आणि लहान पात्यांसाठीही चार-पाच लिटरच्या खाली जाऊ नये.

उभी, अरुंद आणि खोल टाकी मला आडव्या टाकीपेक्षा अधिक पसंत आहे. टोक खाली करून सरळ शिरणाऱ्या पात्याचे दोन्ही गाल एकाच वेळी तेलाला भेटतात, आणि हवेला उघडे असलेले तेल कमी असल्याने भडका लहान राहतो. २५ सेंटिमीटर लांबीच्या पात्यासाठी १५ सेंटिमीटर व्यासाची आणि ४५ सेंटिमीटर खोल पोलादी नळी, ३८ सेंटिमीटरपर्यंत भरली, तर साडेसहा लिटरांहून थोडे अधिक तेल मावते. टोकाखाली निदान पाच सेंटिमीटर तेल राहते आणि वर तेल उसळायला जागा उरते. उंच नळी सहज कलंडते. ती रुंद, जड पोलादी पाट्यावर पक्की जोडलेली असावी किंवा वाळूच्या पेटीत रोवलेली असावी. प्लास्टिकची बादली, काचेचे भांडे आणि डाख दिलेले डबे वर्ज्य आहेत. जस्ताचा मुलामा असलेले भांडेही टाळावे, कारण लाल पोलाद त्याला टेकले तर जस्ताचा विषारी धूर निघतो.

टाकीला एका हाताने बंद होणारे, कडांवर नीट बसणारे धातूचे झाकण हवेच. पेटलेले तेल विझवण्याचा पहिला उपाय तेच आहे. तेलाच्या आगीवर पाणी कधीही टाकू नये. तेलाच्या आगीसाठी योग्य असलेले अग्निशामक हाताशी असावे, पण टाकीच्या शेजारी नव्हे, तर बाहेर पडण्याच्या वाटेवर.

नववी तपासणी: वाकण्याची आणि चिरण्याची आधीची कारणे

टाकी सुधारूनही पाते वाकत असेल तर ते वाकण्याची तयारी करूनच तेलात शिरते आहे. दोन्ही गालांची घासाई असमान असणे, ठोकताना साठलेला ताण न काढणे आणि धार फार पातळ ठेवणे ही तीन कारणे पाहावीत. विझवण्यापूर्वी धारेची जाडी १ मिलिमीटरच्या आसपास असावी. त्याहून बरीच पातळ धार लाटांसारखी होते आणि ती परत सरळ होत नाही. ठोकलेले पाते विझवण्यापूर्वी तापवून स्थिर हवेत निवू देण्याची क्रिया, प्रत्येक वेळी तापमान थोडे उतरते ठेवून, तीनदा करावी. त्याने ताण निघतो आणि वाढलेले कण पुन्हा बारीक होतात. खोल ओरखडे धारेला समांतर घासून काढावेत आणि खाचांचे आतले कोपरे गोल करावेत, कारण चीर काटकोनात जन्म घेते.

तेलातून काढल्यावर सरळ करण्याची एक छोटी संधी मिळते. पाते सात-आठ सेकंदांनी बाहेर काढले की ते अजून दोनशे अंशांच्या आसपास असते आणि कडकपणा नुकताच येऊ लागलेला असतो. जाड हातमोजे घालून त्या क्षणी हलकेच सरळ करता येते, किंवा दोन जाड ॲल्युमिनियमच्या पाट्यांमध्ये दाबून निवू देता येते. पूर्ण थंड झालेल्या, टेंपर न केलेल्या (म्हणजे ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा मंद न तापवलेल्या) पात्यावर मात्र जोर लावू नये. हाताला सोसेल इतके ते निवले की लगेच साधारण २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा टेंपर करावे. रात्रभर तसेच ठेवलेले पाते आतल्या ताणाने आपोआप चिरू शकते. राहिलेला बाक टेंपरिंगच्या दुसऱ्या फेरीत क्लॅम्प लावून काढता येतो.

दहावी तपासणी: तेलाचा प्रकार आणि टाकीची यंत्रे

आता तेल बदलण्याचा विचार करायला हरकत नाही. क्वेंचिंग तेलांचा वेग निकेलच्या गोळीने मोजतात: ८८५ अंशांना तापवलेली गोळी तेलात टाकून ती ३५४ अंशांपर्यंत, म्हणजे निकेल पुन्हा चुंबकाला ओढले जाते तिथपर्यंत, यायला किती सेकंद लागतात ते पाहतात. आठ-दहा सेकंदांची तेले जलद, अकरा ते चौदा सेकंदांची मध्यम. १०९५ ला जलद तेल हवे. १०८४ कोमट कॅनोलातही चांगले कडक होते, जलद तेलात अधिक खात्रीने. ५१६० ला मध्यम तेल पुरते. त्याला उगाच जलद तेलात घातले तर चिरण्याचा धोका वाढतो. मिठाचे पाणी सर्वांत वेगवान असते, कारण मीठ वाफेचा थर फोडते, पण पातळ पात्यांना ते फार कठोर आहे.

विजेचा तापक बसवायचा असेल तर तो खास तेलासाठी बनवलेला, पृष्ठभागावर कमी उष्णता देणारा असावा. पाण्याच्या तापकाभोवती तेल जळून त्याचा कोळसा होतो. पंपाने तेल फिरवताना त्यात हवा ओढली जात असेल तर बुडबुड्यांमुळे मऊ ठिपके वाढतात. घरगुती टाकीसाठी पंपापेक्षा हाताची नीट हालचाल पुरेशी आहे, असे मी मानतो.

कुठे थांबावे

पात्याला चीर दिसली तर ते पाते संपले. ती घासून, वेल्डिंग करून किंवा पुन्हा विझवून दुरुस्त होत नाही, आणि असे पाते वापरताना तुटून कोणाला तरी इजा करू शकते. गाडीच्या जुन्या पाट्यापासून केलेली पाती वारंवार चिरत असतील तर त्या पोलादात वापरातल्या थकव्याच्या चिरा आधीपासून असू शकतात; ते टाकून, ज्याची जात माहीत आहे असे नवे पोलाद घ्यावे.

स्टेनलेस आणि डी २ सारखी पोलादे हजार अंशांच्या पुढे, नियंत्रित भट्टीत, हवेपासून वाचवून तापवावी लागतात. कोळशाच्या किंवा वायूच्या उघड्या भट्टीत त्यांचा नाद करू नये. ती व्यावसायिक उष्णतोपचार करणाऱ्यांकडे पाठवावीत. वरच्या सर्व तपासण्या होऊनही १०८४ चे पाते मऊ राहत असेल, तर त्याच पट्टीचा एक तुकडा प्रयोगशाळेत देऊन त्यातला कार्बन आणि मँगनीज मोजून घ्यावे आणि कडकपणाचा आकडा रॉकवेल यंत्रावर काढून घ्यावा. त्यापुढे अंदाजाने तेल बदलत राहण्यात अर्थ नाही.

टाकी गळत असेल, तर तेल भरलेली असो वा रिकामी केलेली, तिला स्वतः वेल्डिंग करू नये. उरलेल्या तेलाची वाफ बंद जागेत पेटून स्फोट होतो. जुन्या तेलाच्या पिंपाची टाकी कापून बनवण्याबाबतही हेच लागू आहे. ते काम टाक्या धुऊन वाफमुक्त करण्याची सोय असलेल्या कारागिराकडेच द्यावे. तापकाची जोडणी, अर्थिंग आणि तापमान नियंत्रक हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनने बसवावेत. झाकण लावूनही आग विझली नाही किंवा तेल टाकीबाहेर सांडून पेटले, तर टाकी हलवण्याचा प्रयत्न न करता सर्वांनी बाहेर पडावे, वायूचा मुख्य झडप वाटेत असेल तरच बंद करावा आणि अग्निशमन दलाला बोलवावे.